बक्कलचे पैसे वजा करा

मित्रांनो, मी एक जुनं नारिंगी लाइफ जॅकेट आहे. जुन्या वस्तू स्वतःची गोष्ट सांगायला बसल्या की सहसा उसासे टाकतात, सरलेले दिवस आठवून हळव्या होतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही. गोष्ट सांगता सांगता आवाज चढला तर चढू द्या.

माझा जन्म एका शिलाईच्या कारखान्यात झाला. लांबलचक खोली, दोन रांगांत शिवणयंत्रं आणि जमिनीवर घोट्यापर्यंत कापडाच्या चिंध्या. मला शिवलं ते खिडकीकडच्या यंत्रावरच्या मावशींनी. त्यांनी माझ्या पोटात फोमचे जाड थर भरले, वर नारिंगी कापड चढवलं आणि कमरेचा रुंद पट्टा जोडताना एकावर एक तीन टिपा मारल्या. मुकादम मागे उभा होता. तो म्हणाला, ‘‘मावशी, दोन टिपा पुरतात. एवढा दोरा कशाला घालवता?’’

मावशींनी मानही वर केली नाही. म्हणाल्या, ‘‘दोरा कारखान्याचा आहे, ते मला ठाऊक आहे. जीव कुणाचा असणार, ते ठाऊक नाही.’’

मुकादम पुढच्या यंत्राकडे गेला. मावशींनी पट्ट्याला काळं बक्कल बसवलं, टक् करून लावून पाहिलं, दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि मला पुढे सरकवलं.

आता त्या पट्ट्याचं काम समजून घ्या, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं. माणूस पाण्यात पडला की मी वर जायला बघतो आणि माणूस खाली जायला बघतो. आम्हा दोघांना एकत्र ठेवतो तो कमरेचा पट्टा, आणि पट्ट्याला आवळून धरतं ते बक्कल. बक्कलला दोन दात असतात. दोन्ही दात खाचेत बसले की ते कितीही हिसका बसला तरी सुटत नाही. एक दात गेला तर ते लागतं, आवाजही करतं, दिसतंही अगदी ठणठणीत. फक्त हिसका बसला की उघडतं.

माझ्या बरोबरची जॅकेटं तळ्यांवर, नद्यांवर, धरणांवर कामाला गेली. मला मात्र कंपनीने वेगळं काढलं. माझा रंग झकास उतरला होता, म्हणून माझी नेमणूक प्रदर्शनात झाली. तंबू, होड्या, सायकली, दोर, चढाईचे बूट, शेगड्या, अशा सगळ्या भटकंतीच्या आणि मैदानी सामानाचं वर्षातून एकदा मोठं व्यापारी प्रदर्शन भरतं. एका प्रचंड हॉलमध्ये गालिचे अंथरतात, वर डोळे दिपवणारे दिवे लावतात आणि शे-दोनशे स्टॉल उभे राहतात. तिथे कुणीही उठून जाऊ शकत नाही. धंद्यातल्याच माणसांना, गळ्यात नावाचा बिल्ला अडकवून, आत सोडतात.

आमच्या स्टॉलवर एक विक्रेता होता. त्याच्या तोंडाचा पट्टा सकाळी नऊला सुरू व्हायचा तो संध्याकाळी सहालाच थांबायचा, म्हणून शेजारचे स्टॉलवाले त्याला बोलघेवडा म्हणत. त्याने एक काचेची टाकी पाण्याने भरून ठेवली होती. दर अर्ध्या तासाने तो मला वाळूच्या पोत्याला बांधायचा, टक् करून बक्कल लावायचा आणि पोत्यासकट टाकीत सोडायचा. मी पोतं घेऊन तरंगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पण खरं पाणी मी पाहिलंच नव्हतं, आणि पोत्याला बुडायची भीती नसते.

दुसऱ्या वर्षीच्या प्रदर्शनात मी पहिल्यांदा वहिनींना पाहिलं. एका तळ्याकाठी त्यांचा आणि त्यांच्या यजमानांचा होड्या भाड्याने देण्याचा छोटा धंदा होता. तळ्यावर सगळेच त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. यजमानांना मात्र बाजारात टक्केराव हे नाव पडलं होतं, कारण हा गृहस्थ ‘कसे आहात?’ विचारलं तरी टक्क्यांत उत्तर देईल अशी त्यांची ख्याती होती.

मित्रांनो, घासाघीस वाईट असं मी अजिबात म्हणत नाही. वहिनींची घासाघीस बघत बसावी अशी होती. त्यांनी प्रवेशाचे बिल्ले महिनाभर आधीच मागवले होते, कारण तेव्हा ते फुकट मिळतात आणि दारावर पैसे पडतात. पहिल्या दिवशी त्या नुसत्या हिंडल्या. एक पैचीही खरेदी नाही. कुणाकडे काय आहे, गेल्या वर्षीच्या रंगाचा माल कुणाच्या मागच्या खोक्यांत पडून आहे, ते सगळं त्यांनी वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी तीन तळ्यांवरचे होडीवाले गाठले आणि सगळ्यांची मागणी एकत्र केली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या दिवशी, दुपारचं जेवण झाल्यावर त्या आमच्या स्टॉलवर आल्या. त्या वेळेला स्टॉलवाले थकलेले असतात, आणि उरलेला माल परत नेण्याचं भाडं त्यांच्या डोळ्यांसमोर नाचत असतं.

‘‘गेल्या वर्षीची पिवळी जॅकेटं आहेत ना मागे?’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘चौघांची मिळून दोन डझन घेते. तुमचा टेम्पो रिकामा जाईल. बोला.’’

बोलघेवड्याने मागच्या खोक्यांकडे एकदा वळून पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला सौदा ठरला. मग वहिनींनी एकेक जॅकेट हातात घेतलं. शिलाई पाहिली, फोम दाबून पाहिला, प्रत्येक बक्कल लावून पायाखाली पट्टा धरून वर खेचलं. दोन डझनांतली दोन बाजूला काढली. ‘‘ही बदलून द्या. आणि इतकं स्वस्त का दिलंत, तेही सांगा. रंगामुळेच ना? दुसरं काही नाही ना?’’

‘‘रंगामुळेच, वहिनी. शपथ.’’

‘‘शपथ राहू दे. मी बघितलंय.’’

टक्केराव शेजारी उभे होते. त्यांच्या दोन्ही खांद्यांना फुकट मिळालेल्या कापडी पिशव्या लटकत होत्या, आणि पिशव्यांत फुकटच्या बाटल्या, फुकटची पेनं, फुकटच्या किल्ल्यांच्या साखळ्या. बायकोने काय पाहिलं याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. किती टक्के पडले याचाच हिशेब त्यांच्या ओठांवर चालला होता.

तिसऱ्या वर्षी माझी दशा झाली. दोन वर्षं टाकीत बुचकळून माझा रंग उडाला होता. वरून दिव्यांचा ताप. आणि प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, बोलघेवडा मला गालिच्यावर टाकून चहाला गेला असताना, सामान वाहणारी एक हातगाडी माझ्या बक्कलवरून गेली. एक दात तुटला. बोलघेवड्याने परत येऊन बक्कल लावलं, टक् आवाज आला, त्याने मला पोत्याला बांधून टाकीत सोडलं आणि पोतं तळाशी गेलं. लोक खो खो हसले. त्या दिवसापासून टाकीत दुसरं जॅकेट गेलं आणि मी टेबलाखाली. माझ्या गळ्यात त्याने जाड कागदाची चिठ्ठी अडकवली: ‘फक्त मांडणीसाठी. पाण्यात वापरू नये.’

हा विषय त्याने तिथेच संपवला असता, मला कचऱ्यात टाकलं असतं, तरी मी त्याला दुवा दिला असता. पण शेवटच्या दिवशी दुपारी टक्केराव आले. एकटे. तळ्यावरचा धक्का दुरुस्तीला काढला होता, म्हणून वहिनींना निघता आलं नव्हतं. त्यांनी फोनवर दोनदा बजावलेलं मी ऐकलं, कारण टक्केरावांचा फोन टेबलाच्या कडेलाच होता. ‘‘अहो, बारा नगांना एक कमी पडतोय. एकच घ्या, पण बघून घ्या. स्वस्त का देतायत ते विचारा.’’

‘‘विचारतो गं. मी काय लहान आहे?’’

आणि मित्रांनो, त्यांनी खरंच बघून घेतलं! म्हणून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माहीत नसलेल्या माणसावर कुणी किती रागवायचं? त्यांना सगळं माहीत होतं. वाकून त्यांनी मला टेबलाखालून ओढलं, उलटंसुलटं केलं, बक्कल डोळ्यांजवळ धरलं आणि त्यांचा चेहरा लखलखला. दोष सापडला होता.

‘‘हे बघा,’’ ते म्हणाले, ‘‘दात तुटलाय.’’

‘‘म्हणूनच खाली ठेवलंय, साहेब. ते विकायचं नाही.’’

‘‘विकायचं नाही म्हणजे? परत न्यायला भाडं पडेलच ना? अर्ध्यात द्या.’’

बोलघेवडा डोकं खाजवू लागला. महिन्याच्या विक्रीत एक नग वाढत होता. म्हणाला, ‘‘असं करा, साहेब. अर्ध्यात घ्या, पण हे नवं बक्कल बसवून घ्या. माझ्या पेटीत आहे. दोन कप चहाचे पैसे होतील. त्याशिवाय पाण्यात नेऊ नका, आधीच सांगतो.’’

त्याने पेटी उघडून नवं कोरं बक्कल टेबलावर ठेवलं. माझ्यापासून वीतभर अंतरावर. मी ते आजही विसरलेलो नाही.

टक्केरावांनी बक्कलकडे पाहिलं, मग बोलघेवड्याकडे पाहिलं. आणि आयुष्यातला सर्वांत चतुर विचार सुचल्यासारखं हसून म्हणाले, ‘‘बक्कल राहू द्या. बक्कलचे पैसे वजा करा.’’

‘‘अहो, पण ते...’’

‘‘वजा करा. माल सदोष आहे, तुम्हीच म्हणालात.’’

वजा केले. बोलघेवड्याने हात झटकले. आपण सांगितलं, आपण सुटलो, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. सांगून विकलं म्हणजे पाप लागत नाही, हा हिशेब त्याला कुणी शिकवला कोण जाणे. मला तर दोघांचाही सारखाच संताप आला.

टक्केरावांची चूक फक्त सूट मिळवण्यात मुरलेल्या माणसाच्याच हातून होते. त्यांनी दोष शोधला, दोषावर सूट मिळवली, आणि सूट मिळाल्याबरोबर दोषाचा निकाल लागला असं त्यांच्या मनाने घेतलं. पैसे वजा झाले म्हणजे तुटलेला दातही वजा झाला! परतीच्या वाटेवर ते गाडीत शीळ घालत होते. तळ्यापाशी पोचण्याआधी त्यांनी गाडी थांबवून माझ्या गळ्यातली चिठ्ठी फाडली आणि खिडकीबाहेर भिरकावली, कारण चिठ्ठी दिसली असती तर प्रश्न आले असते.

वहिनींनी विचारलंच. ‘‘तपासून घेतलंत ना?’’

‘‘तपासलं म्हणून तर अर्ध्याहून कमीत मिळालं,’’ टक्केराव म्हणाले. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

वहिनी हसल्या. ‘‘शिकलात म्हणायचं.’’

त्यांनी मला ओळीतल्या बाराव्या खुंटीवर टांगलं. तिकीटखिडकीच्या मागच्या भिंतीवर बारा खुंट्या होत्या आणि त्यांच्यावर वहिनींनी स्वतः रंगवलेली पाटी: ‘जॅकेटशिवाय कुणीही पाण्यावर जाणार नाही. मालकसुद्धा.’ त्या खुंटीवरून मला धक्का दिसायचा, होड्या दिसायच्या, ये-जा करणारी माणसं दिसायची. टक्केराव येता-जाता माझ्याकडे बघायचे आणि नजर चुकवायचे. एकदा नवं बक्कल आणायला म्हणून ते दुकानापर्यंत गेले आणि हात हलवत परत आले. फोनवर कुणाला तरी सांगत होते, ‘‘छे, दुकानात दुप्पट भाव सांगतात. पुढच्या प्रदर्शनात अर्ध्या किमतीत मिळेल. घाई कसली?’’

घाई कसली! मला जीभ असती तर मी त्या खुंटीवरून किंचाळलो असतो. पाच आठवडे मी दर सकाळी मनाशी म्हणत होतो, आज कुणाचा हात बाराव्या खुंटीपर्यंत न येवो.

सुट्टीचा दिवस होता. तळ्यावर तोबा गर्दी. अकरा जॅकेटं अकरा गिऱ्हाइकांच्या अंगावर गेलेली. दुपारी वारा सुटला आणि धक्क्याला बांधलेली एक रिकामी होडी दोर सुटून आत वाहत चालली. टक्केराव फाटकापाशी फोनवर होते. रंगाच्या डब्यांचा भाव पाडणं चाललं होतं. वहिनींनी दोनदा हाक मारली, त्यांनी हातानेच ‘थांब’ म्हटलं. वहिनी वाट बघत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी छोटी होडी सोडली. पाऊल टाकणार तोच पाटीकडे बघून थबकल्या, मागे आल्या आणि भिंतीवरून मला काढलं. स्वतःचा नियम त्या मोडणार कशा? नियम पाळायला म्हणून त्यांनी मला अंगावर चढवलं. बक्कल लावलं. टक्.

इतर वेळी त्यांनी खेचून पाहिलं असतं. पण मला नवऱ्याने तपासून आणलं होतं ना!

वाहत्या होडीपर्यंत त्या पोचल्या. दोराचं टोक पकडायला वाकल्या, तेवढ्यात वाऱ्याचा झोत आला आणि त्यांची होडी कलंडली. वहिनी पाण्यात पडल्या. हिसका बसला. आणि बक्कल उघडलं, जसं उघडणार होतं तसंच. मी त्यांच्या छातीवरून वर सरकलो, त्यांच्या तोंडावर आलो, त्यांचा श्वास मीच कोंडला. त्यांचे हात माझ्यातून निसटले. मी वर आलो आणि तरंगू लागलो. मावशींच्या तीन टिपा शाबूत होत्या, फोम शाबूत होता, मी माझं काम चोख करत होतो. फक्त माझ्यात कुणी नव्हतं.

मित्रांनो, ते क्षण मी तुम्हाला सांगू शकत नाही. पाण्यावर वहिनींची ओढणी पसरली होती आणि ती हळूहळू खाली जात होती. मग एक हात वर आला, चाचपडला आणि माझ्या लोंबणाऱ्या पट्ट्याचं टोक त्याला लागलं. तो हात पुन्हा सुटला नाही. पायडलच्या होडीतून फिरणाऱ्या दोघी बहिणी ओरडत, जिवाच्या आकांताने पाय मारत आल्या. एकीने वहिनींचे केस धरले, दुसरीने दंड, आणि दोघींनी मिळून त्यांना वर ओढलं. माझा पट्टा वहिनींच्या मुठीत तसाच होता, म्हणून मीही वर आलो.

धक्क्यावर त्या बराच वेळ पाणी ओकत होत्या. टक्केराव धावत आले, गुडघ्यांवर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ‘‘अगं, काय झालं? कसं झालं?’’

वहिनींनी मूठ उघडली. बक्कल डोळ्यांजवळ नेलं. या धंद्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. प्लास्टिक आत्ता तुटलं तर कड पांढरी आणि धारदार दिसते. ही कड मळलेली होती, झिजलेली होती.

‘‘हे आज तुटलेलं नाही,’’ त्या म्हणाल्या. आवाज फाटला होता. ‘‘तुम्हाला माहीत होतं?’’

टक्केराव म्हणाले, ‘‘अगं, त्याचीच तर सूट...’’ आणि थांबले.

दोघी बहिणी एकमेकींकडे बघू लागल्या. वहिनींनी मला पुढे केलं. ‘‘घाला.’’

‘‘आत्ता? अगं, तू आधी कोरडी हो, दवाखान्यात...’’

‘‘घाला म्हणतेय ना!’’

टक्केरावांनी मला तसंच ओलं, निथळतं अंगात घातलं. बक्कल तिसऱ्या खेपेला लागलं.

‘‘आता उतरा पाण्यात.’’

टक्केरावांनी धक्क्याच्या कडेवरून खाली पाहिलं. तिथे पाणी खोल होतं, हिरवं होतं. ते एक पाऊल मागे सरले. म्हणाले, ‘‘मला पोहता येत नाही गं.’’

‘‘मलाही येत नाही,’’ वहिनी म्हणाल्या.

टक्केरावांनी मला उतरवलं. तिकीटखिडकीतून दोर कापायची मोठी कात्री आणली आणि मला गळ्यापासून कमरेपर्यंत स्वतःच्या हाताने कापलं, म्हणजे मी पुन्हा कुणाच्याही अंगावर जाणार नाही. पट्टाही दोन ठिकाणी कापला. हे काम पाच आठवड्यांपूर्वी कुणीही करू शकलं असतं. त्याला एक पैसाही लागत नव्हता. वहिनी त्या दिवसापासून होडीत बसलेल्या नाहीत. होड्यांचा धंदा त्यांचाच आहे, पाटीवरची अक्षरं त्यांचीच आहेत, पण त्यांचं पाऊल धक्क्याच्या शेवटच्या फळीवर अडतं आणि मागे वळतं. याची भरपाई कुठल्या प्रदर्शनात, किती टक्के सुटीने मिळते, ते मला कुणीतरी सांगा.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, प्रदर्शनांना जाल, बाजारात जाल. पैसे जरूर वाचवा. शेवटच्या दिवशी दुपारी जा, जुन्या रंगाचा माल घ्या, चौघांत मिळून घ्या, भरपूर भांडा. पण एखाद्या वस्तूचा दोष दाखवून तुम्ही पैसे कमी करून घेतलेत, तर तो दोषही तुम्ही विकत घेतलेला आहे. तो तुमच्या घरी आला आहे, तुमच्या खुंटीवर टांगलेला आहे. वाचलेल्या पैशांतून आधी तो दुरुस्त करा, नाहीतर त्या वस्तूचे तुकडे करा.

आणि हे मोठं होईपर्यंत थांबून करायचं काम नाही. आजच घरात एक फेरी मारा. सायकलचा ब्रेक, शिडीची पायरी, शेगडीची नळी, गाडीतला पट्टा, यांतलं काहीतरी ‘नंतर बघू’ म्हणून तसंच राहिलेलं असेल. घरातल्या मोठ्यांना विचारा, ‘हे तुम्हाला माहीत आहे ना?’ ते हसतील, विषय बदलतील, तुम्हाला खेळायला पाठवतील. जाऊ नका. तिथेच उभे राहा आणि पुन्हा विचारा.